वकीलसाहेब, मोठा कोण?

मागच्या अंकात वारस नोंदीबद्दल लिहिलं होतं, वाटलं त्यावरच पत्रं येतील, पण वारस राहिले बाजूला अन् निम्म्याहून जास्त पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आले ते सरकार मोठं का कोर्ट मोठं, आमदार मोठा का तहसीलदार, असे. सोयाबीन घरात आलं की माणसं पानठेल्यावर जास्त वेळ बसतात, त्याचाच परिणाम असावा. त्यातले काही प्रश्न घेतो. वारसवाल्यांनी राग मानू नये, तुमचा नंबर पुढच्या महिन्यात.

प्रश्न : वकीलसाहेब नमस्कार. माह्या वावरात जायची पांदण शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केली. बंडी जात नाही, कापूस डोक्यावर आणा लागते. तहसीलदाराकडे केस टाकली त्याले चार महिने झाले, नुसत्या तारखा सुरू हायेत. आमदाराकडे गेलो तं ते म्हणाले टेन्शन घेऊ नको, मी फोन लावतो, निकाल तुह्याच बाजूनं लागते. पानठेल्यावर हे सांगतलं तं एक जण म्हणे कायदे आमदार-खासदारच करतात, त्यायनं सांगतलं म्हणजे झालं. दुसरा म्हणे कोर्टापुढं प्रधानमंत्र्याचंबी चालत नाही. तिसरा म्हणे लोकायनं निवडून देलं तोच मोठा. आता तुमीच सांगा मोठा कोण, अन् फोन लावू देऊ का नको?
— एक शेतकरी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

भाऊ, आधी फोनचं सांगतो, मोठं कोण ते मागून पाहू. फोन लावू देऊ नका.

काहून ते ऐका. तहसीलदार एकाच खुर्चीत बसून दोन जातीची कामं करतो. राशन दुकान, वाळूचे ट्रॅक्टर, अतिवृष्टीचे पंचनामे ही झाली सरकारची कामं, त्यात वरून हुकूम येणार अन् त्याला ते ऐकावे लागणार, त्यात वावगं काही नाही. पण शिपाई दारात उभा राहून तुमचं नाव पुकारतो अन् तुम्ही अन् तुमचा शेजारी टेबलापुढे उभे राहता तेव्हा तोच माणूस जवळजवळ कोर्ट झालेला असतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर ज्या कायद्याखाली दावा चालतो त्याचं नावच आहे मामलेदार न्यायालय अधिनियम (मामलेदार म्हणजे तहसीलदारच), १९०६ सालचा, त्याचं कलम ५ (अन् अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकावा लागतो, हे बाकीच्या वाचकांनीही लक्षात ठेवा). धुऱ्यावरून नवीनच रस्ता मागायचा असेल तर ती वेगळी गोष्ट, ते १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्हीकडे त्यानं जागा पाहायची, नकाशा पाहायचा, दोघांचं ऐकायचं अन् स्वतःच्या डोक्यानं ठरवायचं. तिथं त्याला आमदारानं सांगायचं नाही, मंत्र्यानं सांगायचं नाही, कलेक्टरसाहेबांनी पण फोनवर सांगायचं नाही. कलेक्टरचा नंबर निकालानंतर लागतो, फाईल समोर ठेवून.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. प्रॅक्टिस सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका तहसीलमध्ये आमचा असाच रस्त्याचा दावा होता. समोरचा वकील बोलत असतानाच साहेबांचा फोन वाजला, साहेब उठून आतल्या खोलीत गेले, पाच-सात मिनिटांनी आले अन् आमच्याकडं न पाहता फाईल बंद करून म्हणाले निकालासाठी ठेवतो. समोरच्याच्या साक्षीदाराचं ऐकायचंच राहून गेलं. निकाल आमच्या बाजूनं लागला, कारण फोन आमच्याच पक्षकारानं लावायला लावला होता, मला तेव्हा माहीत नव्हतं, मी पेढेसुद्धा खाल्ले. मग समोरचा वर गेला. वरच्यांनी रोजनामा, म्हणजे तारखेतारखेला काय झालं त्याची नोंद, उघडला, त्यात साक्षीदार हजर अशी नोंद पण जबाब नाही, झालं, निकाल रद्द अन् केस पुन्हा खालती. आमच्या माणसाचे त्यात दोन हंगाम गेले. पऱ्हाटी डोक्यावरच आणली त्यानं, दोन्ही वर्षं.

अन् हे फक्त छोट्या साहेबांचं नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच, खामगावचं एक सावकारीचं प्रकरण. शेतकऱ्याची तक्रार पोलिसांत होती अन् तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या ऑफिसातून ठाण्यात फोन गेला. ठाणेदारानं तो फोन स्टेशन डायरीत लिहून ठेवला. पुढं नागपूर खंडपीठानं राज्य सरकारला २५ हजार भरायला लावले. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तर डिसेंबर २०१० मध्ये त्या कोर्टानं २५ हजाराचे १० लाख केले. एक डायरीतली ओळ अन् १० लाख. म्हणून म्हणतो फोनचा भरवसा नाही, लावणाऱ्याचा पण नाही.

आता पानठेल्याचा झगडा. तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, अन् म्हणूनच तो झगडा रात्री नऊपर्यंत चालतो. कायदा संसद करते. तो राबवते सरकार, म्हणजे मंत्रिमंडळ अन् त्याच्या हाताखालचा सगळा गोतावळा, पार आपल्या पटवाऱ्यापर्यंत. कायद्याचा अर्थ काय अन् तो संविधानात बसतो का हे कोर्ट सांगतं. आता यात वरचढ कोण म्हणाल तर, संसद संविधानसुद्धा बदलू शकते पण त्याचा मूळ ढाचा मोडू शकत नाही, हे केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला ठरलं. १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी अन् निकाल ७ विरुद्ध ६. एक माणूस इकडचा तिकडे झाला असता तर तुमचा पहिला पानठेलेवाला जिंकला असता.

पण कोर्टाचाच शब्द शेवटचा असं पण नाही बरं का. मार्च २०१८ मध्ये ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेवर सुप्रीम कोर्टानं अटी घातल्या, प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. संसदेनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्या अटी काढून टाकल्या अन् फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंच ती दुरुस्ती वैध धरली. म्हणजे निकाल पटला नाही तर संसदेला नुसतं 'आम्ही मानत नाही' म्हणता येत नाही, पण ज्या कायद्यावर निकाल उभा आहे तो कायदा तिला बदलता येतो. मोठा कोण हे विचारण्यापेक्षा कोणाला कोणापुढं जबाब द्यावा लागतो ते विचारा, म्हणजे उत्तर सापडते.

राहिला तुमचा आमदार. त्याला रिकामा सोडू नका, त्याचं काम त्याला सांगा. हिवाळी अधिवेशन नागपूरला असते, तिथं त्याला तारांकित प्रश्न टाकता येतो, लक्षवेधी लावता येते. माझ्या केसचं काही बोलू नका म्हणावं, घाटंजी तालुक्यात रस्त्याच्या किती केसेस किती महिन्यांपासून पडून आहेत एवढंच महसूलमंत्र्यांना सभागृहात विचारा. उत्तर द्यायचं म्हटल्यावर मंत्रालयातून कलेक्टर ऑफिसला अन् तिथून तहसीलला पत्र जाते, आकडे जमा करावे लागतात, अन् आकडे जमा करता करताच कपाटातल्या फायली टेबलावर येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अन् तरीही वर्षभर निकालच लागला नाही तर नागपूर खंडपीठात रिट करून 'यांना अमुक दिवसात निकाल द्यायला सांगा' असं मागता येते. विदर्भाचे अकराही जिल्हे तिथंच येतात, मुंबईला जायचं काम नाही.

प्रश्न : वकीलकाका, मी बीए सेकंड इयरला आहे, सोबत एमपीएससीचा अभ्यास करते. पुस्तकात आहे की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ अन् न्यायमंडळ वेगवेगळे असतात. पण प्रधानमंत्री पण खासदार अन् मंत्री पण खासदार, मग वेगळं काय झालं? सरांना विचारलं तर म्हणे पुस्तकात आहे तेच लिही.
— एक विद्यार्थिनी, दर्यापूर, जि. अमरावती

बेटा, परीक्षेत सरांचंच ऐक. पण तुझा प्रश्न जुना अन् चांगल्या घरचा आहे, १० डिसेंबर १९४८ ला तो संविधान सभेत के. टी. शाह यांनी मांडला होता. तिन्ही अंगं एकमेकांपासून पूर्ण वेगळी असतील असं संविधानातच स्पष्ट लिहा म्हणून त्यांनी दुरुस्ती दिली अन् ती सभेनं फेटाळली. म्हणजे विसरून राहिलं असं नाही, विचार करूनच भिंत घातली नाही.

का नाही घातली? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते सांगून ठेवलं होतं. सरकारला टिकाऊपणा पण पाहिजे अन् जबाबदारी पण, दोन्ही सारख्या मापानं देणारी पद्धत अजून सापडली नाही. अमेरिकेत टिकाऊपणा जास्त, आपल्याकडं जबाबदारी जास्त. तिकडं राष्ट्राध्यक्षाचा हिशोब निवडणुकीच्या निवडणुकीला, इथं मंत्र्याचा हिशोब निवडणुकीला तर होतेच पण रोज सभागृहातपण होते, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासातून. अन् रोज हिशोब घ्यायचा तर तो माणूस समोर बसलेला पाहिजे ना, म्हणून मंत्री सभागृहात.

सरपंचावरून बघ, लगेच कळेल. आधी सदस्य निवडून यायचे अन् त्यांच्यातूनच सरपंच व्हायचा, सदस्यांचं मन फिरलं की सरपंच गेला. हा झाला आपला प्रधानमंत्री. २०१७ मध्ये सरकारनं सरपंच थेट गावातून निवडायचं ठरवलं, २०२० मध्ये ते रद्द झालं, २०२२ मध्ये पुन्हा थेट. थेट सरपंच म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, त्याला काढायचं तर सदस्यांनी ठराव करून भागत नाही, पुढं ग्रामसभेसमोर जावं लागते. आमच्या शेजारच्या गावात सरपंचीणबाई एका पॅनलच्या अन् नऊपैकी सात सदस्य दुसऱ्या पॅनलचे. नळयोजनेची मोटर जळाली, बाईंनी दुरुस्तीचा विषय ठेवला की सात जण नामंजूर म्हणायचे, त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीचं नाव आणलं की बाई सही करायच्या नाही. उन्हाळ्याचा अख्खा महिना बाया विहिरीवर. अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणात होते. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प अन् तिथल्या काँग्रेसचं सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून जमलं नाही तर ३५ दिवस सरकारच्या कितीतरी खात्यांचं काम बंद, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबलेले, पण राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी शाबूत. आपल्याकडं लोकसभेनं बजेट नाकारलं तर कुलूप ऑफिसांना लागत नाही, सरकारच घरी जाते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० नं पडलं, एका मतानं, तो शनिवार होता, अन् सोमवारी पोस्ट ऑफिस नेहमीसारखं उघडं.

मंत्री खासदारच पाहिजे असं पण पक्कं नाही, सहा महिन्यांची मुभा असते. १९९१ मध्ये नरसिंह राव प्रधानमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते, नंतर नंद्यालहून निवडून आले. गंमत म्हणजे त्याच्या आधीच्या दोन्ही टर्म ते आपल्या रामटेकचे खासदार होते. अन् सगळे खासदारच मंत्री करून टाकले तर हिशोब कोण विचारणार, म्हणून २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं १५ टक्क्यांची मर्यादा घातली, म्हणजे ५४३ च्या लोकसभेमागं जास्तीत जास्त ८१ मंत्री. आपल्या विधानसभेत २८८ मागं ४३.

पण बेटा, पुस्तकात एक गोष्ट दोन ओळीत उरकलेली असते, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९८५ ची ५२ वी दुरुस्ती, पक्षांतरबंदी. आयाराम-गयाराम थांबवायला आणली, हेतू चांगला, पण तिच्यामुळं व्हिपच्या, म्हणजे पक्षाच्या हुकमाच्या, विरोधात मत दिलं की खासदारकी जाऊ शकते. आता तूच सांग, मंत्रिमंडळानं विधेयक आणलं, मंत्रिमंडळाच्याच पक्षाचा व्हिप, तर मागच्या बाकावरचा खासदार रोजचा हिशोब घेणार कसा? अविश्वास ठरावापुरता व्हिप ठेवा अन् बाकी कायद्यांवर खासदाराला मोकळं सोडा असं माझं मत आहे, पण हे मात्र पेपरात लिहू नको. पेपरात राम जवाया कपूर खटला, १९५५ लिही. त्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे की आपल्या संविधानात सत्ताविभाजन कडक स्वरूपात नाही, पण कोणाचं काम कोणतं हे पुरेसं वेगळं केलेलं आहे. अन् माँटेस्क्यूचं नाव टाक, १७४८ सालचा फ्रेंच माणूस, त्याच्याशिवाय परीक्षकाचा हात मोकळा होत नाही.

प्रश्न : काकाजी, ते तीन कृषी कायदे शेवटी रद्द केले कोणी? आमच्या गावात अर्धे म्हणतात सुप्रीम कोर्टानं, अर्धे म्हणतात मोदीनं टीव्हीवर सांगतलं तेव्हाच झाले. अन् दुसरं, हमीभावाच्या खाली कापूस गेला तं कोर्टात जाता येते का?
— शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

दोन्ही अर्धे चुकले. रद्द संसदेनं केले, २९ नोव्हेंबर २०२१ ला, दोन्ही सभागृहात एकाच दिवशी, तेही चर्चा न होता.

सुरुवातीपासून पहा, मजा आहे. ५ जून २०२० ला, संसद बसलेली नव्हती तेव्हा, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं राष्ट्रपतींनी वटहुकूम काढले. म्हणजे कायदा करायचं काम तात्पुरतं सरकारनंच केलं. संविधानाच्या १२३ कलमात ती सोय आहे पण संसद बसल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी नाही घेतली तर वटहुकूम आपोआप मरतो. (काही सरकारांनी या सोयीचं पार पोतेरं केलं, बिहारनं १९६७ ते १९८१ मध्ये २५६ वटहुकूम काढले अन् तेच तेच पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले, पुण्याचे प्राध्यापक वाधवा त्यावर सुप्रीम कोर्टात गेले अन् १९८६ मध्ये कोर्टानं हा संविधानाशी खोटेपणा आहे म्हणून झापलं.) मग सप्टेंबरमध्ये संसदेनं वटहुकुमांचे कायदे केले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतमोजणी मागत होते अन् गोंधळात आवाजी मतदानानं त्यातले दोन मंजूर झाले. १२ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अंमलबजावणीला स्थगिती दिली अन् चार जणांची समिती नेमली, त्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. पण कायदे घटनाबाह्य आहेत का नाहीत यावर कोर्टानं काहीच ठरवलं नाही, ना तेव्हा ना नंतर. त्या स्थगितीनं माझे कितीतरी मित्र खूश झाले, काही नाराज झाले. मी कायद्यांच्या बाजूचा का विरोधातला ते सोडा, पण कायदा संविधानात बसत नाही असं प्रथमदर्शनी पण न म्हणता नुसतं वातावरण निवळावं म्हणून संसदेचा कायदा थांबवणं हे काम कोर्टाचं होतं का, ही शंका मला तेव्हाही होती अन् आजही आहे. १९ नोव्हेंबर २०२१ ला प्रधानमंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं ती फक्त घोषणा. प्रधानमंत्री कितीही मोठा असला तरी त्याच्या तोंडून कायदा मरत नाही, संसदेतच न्यावा लागला. दहा दिवस लागले.

हमीभावाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो अन् केंद्राच्या मंत्रिमंडळाची समिती भाव जाहीर करते. हा सरकारचा निर्णय आहे, संसदेचा कायदा नाही. कायद्यानं हक्क दिलेला असता तर कोर्टात जाऊन 'माझा हक्क द्या' म्हणता आलं असतं. आता कोर्टात गेलात तर जज विचारेल कोणत्या कलमाखाली, अन् तुमच्या वकिलाची पंचाईत होईल. म्हणून तर हमीभावाचा कायदा करा ही मागणी आहे, अन् ती मागायची जागा खासदाराचं घर आहे.

प्रश्न : राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का ना?
— गोंदियाहून एक वाचक

बराचसा, पण पूर्ण नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे हे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं लिहून टाकलं अन् ४४ व्या दुरुस्तीनं एकदा 'फेरविचार करा' म्हणून परत पाठवायची मुभा दिली. विधेयकाचंही तसंच. कलामसाहेबांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं, संसदेनं तेच पुन्हा पाठवलं, मग सही करावीच लागली. झैलसिंगांनी मात्र १९८६ मध्ये टपाल विधेयकावर ना सही केली ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं, कारण सही किती दिवसांत करायची हे कुठं लिहिलेलंच नाही. शिक्का खरा, पण शिक्का ज्या ड्रॉवरमध्ये आहे त्याची चावी त्याच्याजवळ.

अन् तुम्ही तिकडचे म्हणून एक आपल्या भागातली गोष्ट. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले अन् मग निवडणूक लढायला त्यांनीही राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. तेव्हा सरन्यायाधीश होते हिदायतुल्ला, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले अन् नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. २० जुलै ते २४ ऑगस्ट ते राष्ट्रपती होते अन् मग परत आपल्या कोर्टात जाऊन बसले. सत्ताविभाजनाची पुस्तकी व्याख्या पाच आठवडे खुंटीला टांगून ठेवली होती म्हणा, अन् कोणाचं काही बिघडलं नाही.

प्रश्न : वकीलसाहेब, मंत्र्यांना आम्ही पाच वर्षांनी पाडू शकतो. पण न्यायाधीशच न्यायाधीशांना निवडतात, त्यांना कोण विचारणार? ही कसली लोकशाही?
— निवृत्त शिक्षक, चिखली, जि. बुलढाणा

गुरुजी, तुमचा राग रास्त आहे अन् तरी मी पूर्ण तुमच्या बाजूचा नाही.

कॉलेजियम हा शब्द संविधानात कुठंच नाही, तो १९९३ च्या निकालातून आला. सरन्यायाधीश अन् चार ज्येष्ठ न्यायाधीश बसून सुप्रीम कोर्टात कोणाला आणायचं ते ठरवतात. संसदेनं २०१४ मध्ये ९९ वी दुरुस्ती करून सहा जणांचा आयोग आणला, तीन न्यायाधीश, कायदामंत्री अन् दोन नामवंत. त्यात कोणतेही दोघं अडले की नाव अडणार. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ नं तो आयोगच उडवला. आता माझं म्हणणं असं की देशात सगळ्यात जास्त खटले ज्याचे असतात तो पक्षकार म्हणजे सरकार, अन् पक्षकारानं जज निवडावा हे मला पटत नाही, उद्या तुमचा शेजारी म्हणेल धुऱ्याच्या केसचा जज मी निवडतो. पण म्हणून बंद दाराआड निवडा अन् अमुक वकील का घेतला, तमुक का गाळला याचं धड कारण सांगू नका, हेही पटत नाही.

विचारणार कोण, तर संसद. गैरवर्तन सिद्ध झालं तर दोन्ही सभागृहांनी एकूण सदस्यांच्या बहुमतानं अन् हजर असून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव करायचा. १९९३ मध्ये न्या. रामस्वामींवर ठराव आला तर लोकसभेत सत्ताधारी काँग्रेसचे खासदार मत न देता बसून राहिले अन् तो पडला. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्यावर राज्यसभेत ठराव मंजूर झाला, लोकसभेची पाळी यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. अन् असा ठराव नसेल तर न्यायाधीशाच्या वागण्यावर संसदेत चर्चाच करता येत नाही, कलम १२१. तसंच उलटं कलम १२२, सभागृहाचं कामकाज नियमानं चाललं नाही म्हणून कोर्टाला त्याची चौकशी करता येत नाही. दोघांच्या मधल्या धुऱ्यावर असे दगड रोवून ठेवले आहेत.

माणसांच्या भिंती मात्र एवढ्या जाड नसतात. दारापूरचे रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती झाले, खासदार झाले, पुढं बिहार अन् केरळचे राज्यपाल. मुलगा भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ देशाचा सरन्यायाधीश. अमरावती जिल्ह्यातल्या एकाच घरात तिन्ही अंगं. आमच्या बार रूममध्ये त्यावर दोन दिवस चहा झाला, अर्धे म्हणे अभिमानाची गोष्ट, अर्धे म्हणे बघा कसं सगळं घरातल्या घरात. मी दोन्ही टेबलांवर चहा प्यालो.

प्रश्न : भांडणात माह्या भावाचं नाव आलं. गावातले म्हणतात आता घर पाडतील. आरोपी झाला की घर पाडता येते का?
— अकोट, जि. अकोला

नाही भाऊ. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं, योगायोगानं वर सांगितलेल्याच न्या. गवईंच्या अन् न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठानं, स्पष्ट सांगितलं की दोषी ठरवणं हे कोर्टाचं काम आहे, सरकारी अधिकाऱ्यानं स्वतःच न्यायाधीश होऊन नुसत्या आरोपावरून कोणाचं घर पाडायचं नाही. दोषी ठरला तरी त्या कारणानं घर पाडता येत नाही, त्यात म्हातारे असतात, लेकरं असतात, त्यांनी काय केलं. बांधकाम बेकायदा असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यालाही १५ दिवसांची नोटीस लागते, रजिस्टर पोस्टानं अन् घरावर चिकटवून. मग तुमचं म्हणणं ऐकावं लागते, कारणं लिहून हुकूम काढावा लागतो, हुकमानंतर पुन्हा १५ दिवस अन् पाडताना व्हिडिओ. फक्त रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईन, नदी-तलाव यांच्यावरचं अतिक्रमण असेल, नाहीतर पाडायचा हुकूम कोर्टाचाच असेल तर हे संरक्षण नाही, म्हणून आधी ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहून घ्या. आणखी एक, नोटीस आली तर रागानं पाकीट चुलीत टाकू नका. त्याच्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख मला लागेल.